करवीरच्या देवी-पोथ्या: सफाई, छायांकन आणि पाठनोंदी

१३ नोव्हेंबर २०२४

अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव (मावळतीचे किरण मूर्तीपर्यंत येतात ते दिवस) आटोपल्यावरच सामान हलवले. त्या दिवसांत महाद्वार रोडवरून कॅमेऱ्याचा स्टँड आणि दिवे न्यायचे म्हणजे नसते दुखणे.

काम करवीरातल्या, म्हणजे कोल्हापुरातल्या, शुक्रवार पेठेतल्या एका घरच्या संग्रहाचे. सप्तशतीच्या (देवीमाहात्म्य, सातशे मंत्रांचा ग्रंथ) तीन पोथ्या (नोंदवहीत क, ख, ग), प्राधानिक, वैकृतिक आणि मूर्ती या तीन रहस्यांची (सप्तशतीला जोडून येणाऱ्या, देवीच्या रूपांविषयीच्या प्रकरणांची) वेगळी पोथी (घ), ओवीबद्ध करवीर माहात्म्य (च), ललितासहस्रनाम, कुंकुमार्चनाची पद्धती आणि एका फडक्यात बांधलेली सुटी पाने. ग पोथीचे बासन २०१९ च्या पुरात खालच्या कप्प्यात होते. वरून कोरडे दिसते, आत काय आहे ते उघडल्यावरच कळेल.

बासन सोडण्याआधी चारी बाजूंनी फोटो, दोरीच्या गाठीसकट. फडक्यावर, पुठ्ठ्यावर, पहिल्या कोऱ्या पानावर काही लिहिले असेल तर तेही पोथीचाच भाग. सुटी पाने ज्या क्रमाने हाती आली त्याच क्रमाने पेन्सिलीने तात्पुरते आकडे घालून ठेवली. ती छापील पुस्तक समोर ठेवून लगेच लावायची नाहीत, कारण अंगांचा, म्हणजे मूळ ग्रंथाला जोडून म्हणायच्या स्तोत्रांचा, क्रमच पोथीगणिक बदलतो. कुठे कवच, अर्गला, कीलक. कुठे अर्गला, कीलक, कवच. दोन्ही परंपरा आहेत. छापील क्रमाने पाने ‘नीट’ लावली की पोथी कोणत्या परंपरेची होती हे सांगणारा पुरावाच जातो.

घरच्यांची अट: पोथी जमिनीवर आणि पालथी ठेवायची नाही. ती आमच्याही सोयीची आहे. फक्त चौरंग डुगडुगतो, म्हणून जाड लाकडी टेबलावर धुतलेले पांढरे मांजरपाट अंथरून काम. हात धुऊन पूर्ण कोरडे. मोजे फक्त हरताळाचे पिवळे पट्टे असलेल्या पानांना.

१५ नोव्हेंबर

कोरडी सफाई. बकरीच्या केसांचा एक इंची चपटा ब्रश, पानाच्या मध्यापासून कडेकडे, एकाच दिशेने. मागेपुढे घासले की धूळ कागदाच्या तंतूंत बसते. खाली वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते. कोरा पांढरा कागद अंथरायचा आणि दर दहाबारा पानांनी बदलायचा. त्यावर काय पडते तेही पाहायचे. वाळूसारखे बारीक दाणे पडत असतील तर किडीचा वावर चालू आहे.

पूजेतल्या पोथ्यांचे दुखणे ठरलेले असते: कुंकू, हळद, अक्षता, तेल. अक्षतांचे दाणे शिवणीत आणि पानांच्या घडीत अडकतात आणि किडीला आयते अन्न मिळते. ते चिमट्याने काढायचे. कुंकू कोरडेच झटकायचे. ओला बोळा लावला तर लाल डाग कायमचा, शिवाय पलीकडच्या बाजूला उतरतो. तेलाचा डाग काढायच्या फंदात पडू नये. तेल मुरलेल्या पानाच्या दोन्ही बाजूंना आम्लरहित पातळ कागद घातला, म्हणजे शेजारची पाने वाचतात.

पिवळे पट्टे दिसले की थांबायचे. चुकलेले अक्षर झाकायला लेखकांनी हरताळ फासलेला असतो, तो आर्सेनिकचा सल्फाइड. ब्रश लावायचा नाही, बोट लावायचे नाही, मास्क आणि नायट्रिलचे मोजे घालूनच पान हलवायचे. क पोथीच्या कवचात असे पट्टे भरपूर आहेत.

ख पोथीला कसर लागलेली आहे, जिवंत. औषध न मारता ती थंडीत घातली: पोथी कागदात गुंडाळून, पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत हवा काढून बंद केली आणि डीप फ्रीझरमध्ये ठेवली. उणे २० अंशाला आठवडा पुरतो. घरगुती फ्रीझर उणे १८ च्या आसपास असतो आणि दार उघडझाप होते, म्हणून दोन आठवडे धरावेत. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही. खोलीच्या तापमानाला चोवीस तास, मगच उघडायची. नाहीतर गार कागदावर दव धरते आणि कीड गेली तरी बुरशी येते.

डांबराच्या गोळ्या काढून टाकल्या. वेखंडाची पुरचुंडी कपाटात राहू दे, पण कागदाला न टेकता.

२० नोव्हेंबर

ग पोथी उघडली. मधली पाने एकमेकांना चिकटून त्यांची वडी झाली आहे. काळी शाई काजळ आणि डिंकाची. पाण्याने तिचा रंग विरत नाही, मात्र डिंक सैल होऊन ती समोरच्या पानाला चिकटते. लाल शाई जास्त बेभरवशाची. ‘ऋषिरुवाच’, दंड, अध्यायाची समाप्ती हे सगळे लाल. हिंगुळाचा लाल टिकतो. लाखेचा, म्हणजे अळित्याच्या जातीचा, लाल वाहतो. आधी एका दंडाच्या टोकावर जेमतेम ओलसर कापसाची काडी टेकवून पाहिली. काडी गुलाबी झाली. म्हणजे या पोथीला थेट पाणी कुठेही नाही.

मग बाष्पाची पेटी. झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, तळाला पाण्यात भिजवून पिळलेला टीपकागद, त्यावर दोन इंच उंचीवर नायलॉनची जाळी, जाळीवर पानांची वडी, झाकणाच्या आतून कोरडा टीपकागद (थेंब पानावर पडू नयेत म्हणून). अर्ध्या अर्ध्या तासाने पाहायचे. दोन ते चार तासांत कडा सैल पडतात. बांबूची गुळगुळीत पातळ पट्टी कोपऱ्यातून आत घालून पान सोडवायचे. जिथे अडेल तिथे जोर न लावता पुन्हा पेटीत. सुटलेले पान दोन टीपकागदांमध्ये, वर काच आणि हलके वजन. पहिल्या तासात टीपकागद दोनदा बदलावा.

घाई केली तर अक्षरांचा वरचा थर समोरच्या पानावर उलटा उतरतो. पूर ओसरल्यावर उन्हात घातलेल्या पानांचे असेच झालेले दिसते. भिजलेली पोथी उन्हात घालू नये. दोन दिवसांत काम हाती घेणे जमणार नसेल तर तशीच पिशवीत घालून गोठवावी. बुरशी थांबते आणि सवडीने एकेक पान सोडवता येते.

उतरलेला उलटा ठसा मात्र पुसायचा नाही. मूळ पानावरचे अक्षर गेले असेल तर फोटो आडवा उलटवून ठशातून ते वाचता येते. ग पोथीतल्या चौथ्या अध्यायाच्या काही ओळी अशाच मिळाल्या.

२८ नोव्हेंबर

डागडुजी. फाटलेल्या कडांना चौरस मीटरला ९ ते १२ ग्रॅम वजनाचा जपानी टिश्यू, कात्रीने न कापता पाण्याच्या रेघेवर फाडून. सुटे तंतू मूळ कागदात मिसळतात. खळ गव्हाच्या स्टार्चची. कुरडईसाठी गव्हाचा चीक काढतात तोच, पण आंबवलेला नको आणि मीठ-हिंग तर नाहीच. एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर वीसपंचवीस मिनिटे ढवळत, पारदर्शक होईपर्यंत. गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा. मैद्याची खळ करू नये, त्यातले ग्लूटेन पिवळे पडून कडक होते आणि किडीला आवडते. चिकटपट्टी लावलेली दोन पाने निघाली, ती तशीच ठेवली आहेत. पट्टी ओढून काढली तर अक्षरे तिच्याबरोबर येतील.

४ डिसेंबर

छायांकन. पाने साधारण २४ सेंमी लांब, ११ सेंमी रुंद. चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा, ६० मिमी मॅक्रो लेन्स, सरळ खाली रोखलेला. चौकटीची रुंदी ३० सेंमी. ६००० पिक्सेल ३० सेंमीवर म्हणजे इंचाला सुमारे ५०८. चारशे पुरतात, त्यामुळे सेंमीची पट्टी आणि रंगपट्टी चौकटीत ठेवायला जागा उरते. आयएसओ १००, एफ ८, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर एलईडी, रंगनिर्देशांक ९५ च्या वर. खोलीतली ट्यूबलाइट बंद. ती चालू राहिली की हरताळाचा पिवळा आणि जुन्या कागदाचा पिवळा वेगळे दिसत नाहीत.

पोथीचे पान वरच्या दिशेने उलटते, पुस्तकासारखे डावीकडे नाही. पुस्तकाच्या सवयीने उलटले तर मागची बाजू डोके खाली अशी येते. पत्रांक (पानाचा आकडा) मागच्या बाजूला असतो: डाव्या समासात वर ग्रंथाच्या आद्याक्षरांखाली, उजव्या समासात खाली ‘राम’खाली. म्हणून फाइलीला नाव देताना आकडा दिसलेली बाजू ‘ब’, तिच्या आधीची ‘अ’: ग-०४७-अ, ग-०४७-ब. आकडा दिसतो ती पुढची बाजू असे धरले की सगळी पोथी एका बाजूने सरकते आणि पाठाची नोंद करताना प्रत्येक पान अर्ध्यावर तुटते.

पत्रांक दोनदा आला असेल किंवा गाळला असेल तर फाइलीत तो ‘सुधारून’ लिहायचा नाही. ०३१ दोनदा असेल तर ०३१क आणि ०३१ख. सपाट दिव्यात न वाचणारी पाने एका बाजूच्या तिरप्या दिव्यात पुन्हा घेतली. बोरूने उठलेला चर दिसतो.

१२ डिसेंबर

मंत्रसंख्या. सप्तशतीची पोथी पूर्ण आहे की नाही हे पाने मोजून कळत नाही, मंत्र मोजून कळते. तेरा अध्यायांचे प्रचलित आकडे: १०४, ६९, ४४, ४२, १२९, २४, २७, ६३, ४१, ३२, ५५, ४१, २९. बेरीज ७००. त्यांत ५७ ‘उवाच’ (कोण बोलतो ते सांगणारे मंत्र), ४२ अर्धश्लोक, ५३५ पूर्ण श्लोक आणि पाचव्या अध्यायातले ६६ त्रिपाद मंत्र.

यामुळेच एक गोंधळ नेहमी होतो. ग पोथीचा पहिला अध्याय ७८ वर संपतो. १०४ ची अपेक्षा ठेवून पाहणारा लगेच ‘अपूर्ण’ असा शेरा मारील. पण पहिल्या अध्यायात ६६ पूर्ण श्लोक आणि २४ अर्धे, म्हणजे बारा पुरे. ६६ आणि १२ मिळून ७८. लेखकाने मंत्र न मोजता श्लोक मोजले आहेत. याच हिशेबाने सगळ्या ग्रंथाचे श्लोक ५७८ होतात. ग पोथी पाठासाठी लिहिलेली, क आणि ख हवनासाठी, असा आमचा अंदाज. हवनात प्रत्येक मंत्राला आहुती, म्हणून तिथे मंत्रांचेच आकडे लागतात. क पोथीवरचे तुपाचे डागही तेच सांगतात.

पाचवा अध्याय सगळ्यांत घातक. ‘या देवी सर्वभूतेषु’ ही ओळ पुन्हा पुन्हा, मधला एक शब्द तेवढा बदलतो: विष्णुमाया, चेतना, बुद्धी, निद्रा, क्षुधा, छाया, शक्ती, तृष्णा, क्षांती, जाती, लज्जा, शांती, श्रद्धा, कांती, लक्ष्मी, वृत्ती, स्मृती, दया, तुष्टी, मातृ, भ्रांती. ही एकवीस, आणि पुढे ‘चितिरूपेण’ धरून बावीस. प्रत्येकाचे तीन मंत्र, म्हणून ६६. लिहिणाऱ्याची नजर एका ‘नमो नमः’वरून खालच्या ‘नमो नमः’वर घसरली की एक आख्खे रूप गळते. ख पोथीत हा अध्याय १२६ वर संपतो, आणि शोधल्यावर ‘वृत्ती’ नाही. तीन कमी, हिशेब जुळला. क पोथीत १३२. तिथे तुष्टीपाठोपाठ ‘पुष्टी’ आहे. ख मधली गळ, क मधली भर, आणि नोंदीत या दोघी एका रकान्यात येता कामा नयेत. गळ ही नजरेची चूक, भर ही बहुधा पाठपरंपरा. लेखकाने मुद्दाम लिहून पुढचे आकडेही तसेच चालवले आहेत.

सूक्तांची नोंद करताना ‘रात्रिसूक्त आहे’ एवढे लिहून भागत नाही. वैदिक रात्रिसूक्त ऋग्वेद १०.१२७, तांत्रिक म्हणजे पहिल्या अध्यायातली ‘विश्वेश्वरीं जगद्धात्रीं’ पासूनची ब्रह्मदेवाची स्तुती. देवीसूक्ताचेही तसेच: वैदिक १०.१२५, तांत्रिक पाचव्या अध्यायातले. क मध्ये वैदिक, स्वरांसह. ग मध्ये तांत्रिक. ते ग्रंथातच असल्याने वेगळे न लिहिता फक्त सूचना दिली आहे.

१९ डिसेंबर

पुष्पिका (पोथीच्या शेवटची लेखकाची नोंद) आणि कालनिर्णय. शकात ७८ मिळवले की इसवी सन. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची मिती असेल तर बहुधा ७९, कारण तोवर जानेवारी उलटलेला असतो. पण आकड्यावर एकट्यावर विश्वास ठेवू नये. संवत्सराच्या नावाशी ताडून पाहावा. शकात १२ मिळवून ६० ने भागायचे, बाकी उरेल तितवा संवत्सर, प्रभव पहिला. बाकी शून्य आली तर क्षय. पडताळा घ्यायचा तर शिवराज्याभिषेकाचा शक १५९६: १६०८ ला ६० ने भागून बाकी ४८, आनंद संवत्सर. बरोबर.

घ पोथीच्या शेवटी ‘शके १७१३ शुक्लनाम संवत्सरे आश्विन शु. ८’. १७१३ ला बाकी ४५ येते, तो विरोधकृत. शुक्ल तिसरा. आकडे फिरवून १७३१ घेतले तर १७४३, बाकी ३, शुक्ल. म्हणजे पोथी इ.स. १८०९ ची, आकडा लिहिताना १ आणि ३ ची अदलाबदल झालेली. संवत्सराचे नाव चुकण्यापेक्षा आकडा उलटणे जास्त शक्य, म्हणून निष्कर्ष १७३१. पण मूळ नोंदीत १७१३ च राहील, निष्कर्ष शेजारच्या रकान्यात कारणासह.

हे गणित दक्षिणेकडच्या चक्राचे. काशीहून लिहून आणलेल्या पोथीवर विक्रम संवत आणि उत्तरेकडच्या चक्रातले नाव असते, तिथे ते लागू होत नाही.

क पोथीच्या शेवटी नेहमीचा श्लोक: तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्. तेल, पाणी, सैल बांधणी. या संग्रहातली जवळपास सगळी हानी या तीन खात्यांत बसते. कसर तेवढी श्लोकात नाही.

२ जानेवारी २०२५

घ पोथी, प्राधानिक रहस्य. या कामातला सगळ्यांत कसाचा भाग.

महालक्ष्मीच्या वर्णनाचा श्लोक: मातुलुङ्गं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती । नागं लिङ्गं च योनिं च बिभ्रती नृप मूर्धनि ॥ पोथीत ‘मातुलिंगं’ आहे, तेही चालते. ‘खेटं’चा ट मात्र ढ सारखा दिसतो. तिरप्या दिव्यात पाहिले तर आतली गाठ बोरूची नाही, तिथे चरच नाही. शाईचा ठिपका आहे. वाचन ‘खेटं’, म्हणजे ढाल. असल्या एका ठिपक्यावरून मूर्तीच्या हातातली वस्तू बदलू शकते, म्हणून आयुधांच्या ओळी फोटोवरून न वाचता मूळ पानावरूनच वाचायच्या असे ठरवले.

आता हात कोणता? प्राधानिक रहस्याचा श्लोक वस्तू सांगतो, हात सांगत नाही. त्याची किल्ली वैकृतिक रहस्यात आहे: आयुधान्यत्र वक्ष्यन्ते दक्षिणाधःकरक्रमात्. उजव्या खालच्या हातापासून सुरुवात, उजवीकडून वर, मग डाव्या वरच्या हातातून खाली. तिथे हा क्रम अठरा हातांच्या महालक्ष्मीसाठी सांगितला आहे: अक्षमाला, कमळ, बाण, खड्ग, वज्र, गदा, चक्र, त्रिशूळ, परशू हे उजवीकडचे नऊ, शंख, घंटा, पाश, शक्ती, दंड, ढाल, धनुष्य, पानपात्र, कमंडलू हे डावीकडचे नऊ. हाच क्रम चार हातांच्या श्लोकाला लावून पाहिला: उजवा खालचा महाळुंग, उजवा वरचा गदा, डावा वरचा ढाल, डावा खालचा पानपात्र. अंबाबाईच्या मूर्तीच्या हातांत नेमके हेच, याच जागी. 

सप्तशतीच्या दुसऱ्या अध्यायाच्या ध्यानात, ‘अक्षस्रक्परशुं’ने सुरू होणाऱ्या, हीच अठरा आयुधे येतात. नावे ताडून पाहिली, एकही कमीजास्त नाही. पण तिथला क्रम वृत्तासाठी बसवलेला आहे. त्यावरून हात ठरवायला गेले तर भलतेच चित्र उभे राहते. नवरात्रासाठी अष्टादशभुजेची चित्रे काढणाऱ्यांकडून ही चूक हमखास होते.

सगळे ग्रंथ मात्र एकमुखाने बोलत नाहीत. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीच्या चतुर्वर्गचिंतामणीत विश्वकर्मशास्त्रातून उतरवलेले वर्णन आहे. त्यात उजव्या खालच्या हातात पात्र, वर कौमोदकी गदा, डाव्या वरच्या हातात खेटक आणि डाव्या खालच्या हातात श्रीफळ. गदा आणि ढाल जागच्या जागी, खालचे दोन हात मात्र अदलाबदल. अंबाबाईची मूर्ती प्राधानिक रहस्याच्या बाजूने उभी आहे. हेमाद्रीचा पाठ चुकीचा ठरवायचे कारण नाही, वेगळी शाखा असू शकते. नोंदीत दोन्ही वर्णने, दोन्ही ठिकाणे, निर्णय कोरा.

पानपात्राबद्दल विचारणा फार होते, म्हणून इथेच लिहून ठेवतो: दुसऱ्या अध्यायात देव आयुधे देतात तेव्हा कुबेर सुरेने भरलेले पानपात्र देतो, आणि तिसऱ्यात ‘गर्ज गर्ज क्षणं मूढ मधु यावत्पिबाम्यहम्’ असे देवी महिषाला बजावते. ‘अमृतकलश’ असे नोंदवायचा आग्रह काहींनी धरला, पण पोथीत पानपात्र आहे तर नोंदीतही पानपात्रच.

प्रतिमांच्या नोंदीचे व्यवहारी नियम. उजवा-डावा नेहमी देवीचा, बघणाऱ्याचा नव्हे. प्रत्येक नोंदीत ‘देवीचा उजवा’ असे पूर्ण लिहायचे. काचेमागच्या जुन्या तसबिरी आणि मोबाइलमधले फोटो कधीकधी उलटे असतात. गदा देवीच्या डाव्या हातात दिसली तर आधी फोटो उलटा आहे का ते पाहायचे, तसबिरीवर अक्षरे असतील तर लगेच कळते. अलंकार पूजेच्या फोटोवरून मूर्तीचे वर्णन लिहायचे नाही: साडीखाली मूळ हात झाकलेले असतात आणि नवरात्रात रोजची पूजा वेगळ्या रूपात बांधतात.

८ जानेवारी

सुट्या पानांत एक चित्रपत्र. सात देवी एका ओळीत, नावे नाहीत. आयुधांवरून ओळखायला गेलो तर रंग उडालेला, वाहने शाबूत. हंस ब्रह्माणी, बैल माहेश्वरी, मोर कौमारी, गरुड वैष्णवी, हत्ती ऐंद्री. वराहमुखी ती वाराही. सातवी सिंहमुखी, म्हणजे नारसिंही. दगडी सप्तमातृकापटांत सातव्या जागी बहुधा चामुंडा असते. सप्तशतीच्या आठव्या अध्यायात मात्र या सातजणींत नारसिंहीच येते, चामुंडेचे नाव सातव्या अध्यायाच्या शेवटी वेगळे पडलेले असते. चित्रकाराने ग्रंथ वाचून काढलेले दिसते. पान आठव्या अध्यायाचे असावे, कागदाची जाडी आणि समासाची दुहेरी लाल रेघ क पोथीशी जुळते.

१६ जानेवारी

पाठ टंकित करण्याचे नियम पक्के केले. डाव्या रकान्यात पोथीत जे आहे ते, अशुद्ध असले तरी; उजव्यात सुचवलेला पाठ. अनुस्वार आणि परसवर्ण यांत फेरफार नाही: पोथीत ‘चंडिका’ तर चंडिका, ‘चण्डिका’ तर चण्डिका. अवग्रह (ऽ) नसेल तर घालायचा नाही. गेलेल्या अक्षराला एक फुली, अंदाजे अक्षराला चौकटी कंस. समासातली भर काकपदाच्या (गाळलेले कुठे घालायचे ते दाखवणाऱ्या खुणेच्या) जागी घ्यायची, पण वेगळ्या हाताची असेल तर तसे लिहून. च-व, प-य, घ-ध, भ-म या जोड्यांवर दुसऱ्याने नजर टाकल्याशिवाय पान पूर्ण धरायचे नाही.

वैदिक सूक्तांत अनुदात्ताखाली आडवी रेघ, स्वरितावर उभी. उदात्ताला खूण नसते. युनिकोडमध्ये दोन्ही चिन्हे आहेत, पण साध्या फाँटमध्ये मात्रेवर चढून बसतात. वैदिक फाँट वापरला आणि छापून पाहिले, पडद्यावर बरे दिसते ते कागदावर सरकते. क पोथीत स्वर लाल शाईने नंतर घातलेले आहेत, काही ठिकाणी अक्षर सोडून शेजारी पडले आहेत. तेही तसेच.

पाठ मशीनकडून वाचवून पाहिला. छापील देवनागरीवर चालणारे ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर) हस्तलिखितातल्या सलग शिरोरेषेपुढे हात टेकते, आणि जे वाचते ते गुपचूप शुद्ध करून देते. सप्तशतीसारख्या तोंडपाठ ग्रंथात हा धोका माणसालाही आहे: डोळा ‘वृत्ती’ नसतानाही वाचतो. म्हणून पाचवा अध्याय शेवटच्या ओळीपासून उलट तपासला.

२४ जानेवारी

च पोथी, करवीर माहात्म्य. ओव्या सलग लिहिलेल्या, चरण तोडलेले नाहीत, यमकावरून तोडावे लागतात. तीर्थांची नावे वेगळ्या सूचीत काढली. क्षेत्राचे नाव करवीर, कोल्लापूर, कोल्हापूर असे तीन प्रकारे येते. एकच करायचे नाही. तुलनेसाठी देवीभागवताच्या सातव्या स्कंधातली देवीगीता, अध्याय ३८: ‘कोलापुरं महास्थानं यत्र लक्ष्मीः सदा स्थिता’. पाठोपाठ रेणुकेचे मातापूर, तिसरे तुळजापूर, मग सप्तशृंग. पोथीच्या समासात कोणीतरी हीच ओळ उतरवून ठेवली आहे, पण ‘कोल्हापुरं’ अशी, म्हणजे आठवणीतून.

त्र्यंबोलीच्या प्रकरणाशेजारी कोहाळ्याची आकृती आणि ‘ललितापंचमी’ एवढेच शब्द. टेंबलाईवर, म्हणजे त्र्यंबोलीच्या टेकडीवर, त्या दिवशी कोहाळा फोडतात त्याची ही आठवणखूण. सूचीत विधी म्हणून नोंद, पाठ म्हणून नाही.

५ फेब्रुवारी

बांधणी. लाल बासन जुन्या सवयीचे आणि शोभतेही, पण बाजारचा लाल रंग दमटपणात सुटतो. आत कांजी निघेपर्यंत दोनदा गरम पाण्यात धुतलेले कोरे मांजरपाट, बाहेरून घरचे लाल. वरखाली आम्लरहित जाड पुठ्ठा, पानापेक्षा चारी बाजूंनी अर्धा सेंमी मोठा. नाडी सुती, सपाट, रुंद. सुतळी कडा कापते. घट्ट पण पान वाकणार नाही इतपत. ग पोथी वेगळ्या पेटीत, तिच्या सुटलेल्या पानांमध्ये टिश्यू.

खालचा कप्पा रिकामा ठेवायला सांगितले आहे. सगळ्या पोथ्या आता वरच्या दोन कप्प्यांत, भिंतीपासून चार बोटे सोडून, आर्द्रतामापक शेजारी. ४५ ते ५५ टक्के ठीक. कोल्हापूरच्या पावसात तो ८० च्या वर जाईल, तेव्हा सिलिका जेलचे डबे लागतील. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद तापवून पुन्हा वापरता येतात.

मूळ टिफ फाइली दोन वेगळ्या डिस्कवर, तिसरी प्रत दुसऱ्या इमारतीत. कुंकुमार्चन पद्धतीतली न्यासाची आणि बीजमंत्रांची पाने घरच्यांच्या सांगण्यावरून खुल्या प्रतीत नाहीत. सूचीत पत्रांक आहेत, चित्रे नाहीत. सुट्या पानांपैकी काहींचा ग्रंथ अजून ठरलेला नाही. त्यांतल्या एकाच्या समासात ‘ल. तं.’ दिसते, ते लक्ष्मीतंत्राशी ताडून पाहायचे. वाचन मेच्या आत संपवायचे, जूनपासून बासने उघडणार नाही.